भिंतीची ओल आधी ओळखा



उन्हात चांगली वाळवलेली हळद घरात रचून ठेवावी आणि पावसाळ्यात तिलाच बुरशी लागावी, हे आपल्या हिंगोली जिल्ह्यात मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण वाळल्या हळदीतली ओल १० टक्क्यांच्या फार वर गेली, तर नुसत्या नावाने भाव टिकत नाही. अशा घरी गेलो की मी पोत्याआधी भिंत पाहतो.

आपली जुनी माळवदाची घरे आठवा. रुंद मातीची भिंत, तिला शेणमातीचे लिंपण. ती ओल घेई आणि ऊन पडले की सोडूनही देई. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशीच जड घरे माणसांवर कोसळली, म्हणून पुन्हा माळवद घाला असे मी म्हणणार नाही. पण उभ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑईल पेंट दिला, की ओल आत कोंडते व माती भुसभुशीत होते. उन्हाळ्याच्या तापावर उपाय म्हणून भिंतीला आतून थर्माकोल, प्लायवूड ठोकतात. त्याच्या फटींतून वाफ शिरते आणि मागे पाणी धरते.

ओल तीन वाटांनी येते. काळी माती पाणी धरून ठेवते, ते पायातून वर चढते. पागोळ्यांचे पाणी भिंतीवर उडते. तिसरी वाट घरातलीच. स्वयंपाक, अंघोळीचे पाणी, आत वाळत घातलेले कपडे यांची वाफ थंड भिंतीला लागून तिचे थेंब होतात.

वाट ओळखायला हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी कडांनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले, तर ओल भिंतीतूनच येते. मग जोत्याभोवती उताराची चारी काढा, पत्र्याला पन्हळ लावा. मातीच्या भिंतीला मातीचाच किंवा चुन्याचा गिलावा द्या. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील, तर वाफ खोलीतल्या हवेतली. धुराडे मोकळे करा, उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडा. पावसाच्या झडीत मात्र बाहेरची हवाही ओलीच असते.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. बुरशीचा दाणा घरी खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. काही बुरशींचे विष शिजवूनही पुरते जात नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. त्याच भिंतीला लागून लेकरे झोपतात. ओलीच्या बुरशीने दमा बळावतो. म्हणून दिवाळीच्या रंगाआधी ओलीची वाट बंद करा, भिंत पुरती वाळू द्या. रंग त्यानंतर.