पळसनाथाचं रिकामं घर

शिरूर-दौंडच्या माणसाचा समुद्र भिगवणच्या अलीकडेच सुरू होतो. खरा समुद्र सह्याद्रीपलीकडे, घाट उतरून जावं तेव्हा भेटणारा. इकडचा मुलूख पर्जन्यछायेचा. माळ, बाभळी, पाटाखाली ऊस आणि पाटाच्या वर कुसळं. पण रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेत शिरते, शिरूरला वळसा घालून आलेली घोडही तिला मिळते, आणि दौंडच्या पुढे नदीचा वेग हळूहळू मरत जातो. खानोट्याच्या शिवारात पोचेपर्यंत तिला काठ असा उरतच नाही. समोर नुसतं पाणी आणि पलीकडे करमाळ्याकडची एक धूसर रेघ.

हा यशवंतसागर, म्हणजे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा. पूर्ण भरला की ११७ टीएमसी पाणी. पावसाळ्यात सोलापूरचा शेतकरी सकाळी उठून देवाच्या आधी दौंडच्या विसर्गाचा आकडा विचारतो. आपल्याकडे पुलावरून वाहून गेलेलं पाणी म्हणजे त्याच्या शिवारातला पुढचा ऊस असतो.

या पाण्याच्या तळाशी गावं आहेत. विहिरी, चावड्या, बांध, आंबराया. डिकसळचा जुना दगडी रेल्वेपूल अजून त्या काळाची खूण सांगतो. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग आधी डिकसळपर्यंतच आला होता. धरण झालं तेव्हा रेल्वेलाही नवी वाट काढावी लागली. इंदापूर तालुक्यातलं पळसदेव असंच उठून वर सरकलं. गावाबरोबर देवही नव्या देवळात गेला. मागे राहिलं ते जुन्या पळसनाथाचं देऊळ, शिखरासकट आणि खांबांसकट. इथला एक शिलालेख शके १०७९ चा, म्हणजे इसवी सन ११५७ चा. आठ शतकं वस्ती पाहिलेलं घर असं एकाएकी जळात गेलं.

भरल्या वर्षी ते दिसत नाही. उन्हाळा कडक झाला, पाणी उतरलं, की आधी शिखराचं टोक वर येतं. मग देवळाचं बेट होतं. आणखी उतरलं तर चालत जाता येतं, पण तोवर उपयुक्त साठा संपून पाण्याचा हिशेब उणे आकड्यात गेलेला असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तसंच झालं होतं. मला देवळाकडे नेणारा नावाडी वल्हं मारता मारता म्हणाला, "द्येऊळ दिसाय लागलं का लोकांना बरं वाटतं. आमच्या पोटात गोळा येतो." तो मासेमारी करणारा. पाणी गेलं की चिलापीही जाते.

बेट असतं तेव्हाच ते पाहावं असं मला वाटतं. नाव जवळ येऊ लागते तसं शिखर आभाळात चढत जातं. खाली काळा पाषाण, वर विटांचं शिखर. विटांचा तांबूस रंग इतक्या वर्षांच्या बुडण्या-निघण्याने फिका पडला आहे, पण गेलेला नाही. भिंतीवर पाण्याने आडव्या रेघा ओढून ठेवल्यात, प्रत्येक रेघ एका उन्हाळ्याची. चपला नावेतच काढल्या. देव इथे नाही हे ठाऊक होतं, तरी हात आपोआप जोडले गेले.

सभामंडपात गाळ भेगाळून पडलेला. भेगांत पांढरे शिंपले, गोगलगायींचे शंख, माशाच्या काट्याचा एखादा पूर्ण पंखा. एका खांबाला फाटलं जाळं अडकलं होतं. गाभाऱ्यात ओलसर गारवा आणि अंधार. तिथल्या डबक्यात एक दिवड अंग सैल टाकून पडली होती. ज्या जागी अभिषेकाचं पाणी ठिबकत असेल तिथे ती बिनविषारी, बिनघाईची, आपल्याच घरात असल्यासारखी. मी मागे सरलो. हा तिचा हक्क होता. छताच्या कोपऱ्यात पाकोळ्यांची मातीची घरटी, जुन्या कोरीव नक्षीला बेमालूम चिकटलेली. कारागीर कुठे थांबला आणि पाकोळीने कुठून हाती घेतलं हे त्या अंधुकात सांगणं कठीण.

बाहेर पाण्यावर वारकरी पोहत होते. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले हे पक्षी. हे नाव ज्या कुणी ठेवलं त्याला दंडवत; याच भीमेच्या काठी पुढे पंढरपूर आहे. उथळात चित्रबलाक चोच उघडी धरून पाणी घुसळत होते. दूर रोहितांची रांग. मान खाली, चोच उलटी, चिखलाचं पाणी गाळून त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव टिपणारी. त्यातला एक उडाला आणि पंखाखालचा रंग असा उघडला की बोलणं बंद झालं. थंडीत आलो असतो तर पट्टकादंबही दिसते. हिमालयाच्या माथ्यावरून येतात आणि आपल्या हरभऱ्यात चरतात!

माणसं उठून गेलेली अशीच एक जागा दूर सायप्रस बेटावर आहे, वरोशा नावाचं समुद्रकाठचं हॉटेलांचं उपनगर. १९७४ च्या ऑगस्टमध्ये लढाई आली आणि ते एकदम रिकामं झालं. तारांच्या कुंपणाआड उंच हॉटेलं वर्षानुवर्षं तशीच उभी राहिली, फरशांतून झाडं आली, सुन्या वाळूत कासवं अंडी घालायला चढू लागली. पळसदेवची माणसं गोळीबाराला भिऊन गेली नाहीत. भूसंपादनाच्या कागदांवर सह्या-अंगठे करून उठली. पण मागच्या जागेचा ताबा दोन्हीकडे सारख्याच हातांनी घेतला.

मात्र हे सगळं निर्मळ आहे असं समजू नये. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून इथेच येतं. त्यावर जलपर्णी माजते, काही दिवस पाण्याला वास येतो. शेवाळ वाढवणारी घाणही तीच, आणि त्या शेवाळाच्या आशेने उतरणारे पाहुणेही तेच. उघड्या पडलेल्या गाळपेरात कलिंगड लावलेला शेतकरी आणि पंख मिटून उभा असलेला राखी बगळा यांच्यामधून पंपाचा पाइप जातो. निसर्गाने सगळ्यांची सोय एकाच चिखलात लावून दिली आहे, आणि तरीही सकाळच्या उन्हात ते पाणी सोन्याचं दिसतं. मला यात विसंगती वाटते, तक्रार करावीशी वाटत नाही.

देवळाच्या मागच्या अंगाला गेलो तसा डोक्यावरून चिरका आवाज झाला. नदी सुरय. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपूट. एक, मग चार, मग कितीतरी. झेप घालत, अगदी केसांना वारा लावत. नावाड्याने हात धरला. "पाय उचलू नका. आधी बघा." बघितलं. उघड्या खडीत, घरट्याचा काडीमात्र आव नसलेली, खड्यांच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. पाणी उतरलं म्हणून ही जमीन वर आली, आणि वर आली म्हणून या पाखरांना कुत्र्या-कोल्ह्यांपासून लांब असं बाळंतपणाचं ठिकाण मिळालं. आम्ही आलो त्याच पावलांवरून मागे फिरलो.

देऊळ दिसू लागल्याची बातमी छापून आली की रविवारी गर्दी उसळते. काहीजण नावाड्याला जादा पैसे देऊन रोहितांचा थवा उडवायला सांगतात, फोटोसाठी. काहीजण कोरीव दगडाचा तुकडा खिशात घालतात. तुम्ही जाणार असाल तर नावेचं इंजिन थव्याच्या पुष्कळ आधी बंद करायला लावा, आणि मार्च ते मे या महिन्यांत देवळाच्या मागच्या खडीवर पाऊल टाकू नका. अंडी तिथेच असतात.