हुकूम आणि रुजुवात

जावास्क्रिप्ट नामक ज्या भाषेवर गेली कित्येक वर्षे आमचा उदरनिर्वाह चालला आहे, तीत = हे चिन्ह एकदा लिहिले की तो हुकूम होतो, दोनदा लिहिले की चौकशी होते, आणि तीनदा लिहिले की कसून केलेली रुजुवात होते. इंदूरच्या खजराना भागातील आमच्या खोलीच्या खिडकीतून बुधवारी गणपतीच्या दर्शनाला निघालेल्यांची रीघ दिसते. त्या खोलीत बसून नवशिक्या मुलांचे काम तपासताना या तीन चिन्हांच्या जागी आमची नजर आपोआप थबकते.

समजा, अर्जांच्या छाननीचा कार्यक्रम आहे, आणि अर्जाची स्थिती 'मंजूर' असेल तरच रक्कम अदा व्हावी, असे लिहिणाऱ्याला अभिप्रेत आहे. (चलांची नावे देवनागरीत ठेवण्याची मुभा ही भाषा देते; आमच्याकडे कोणी ती घेत नाही, ही गोष्ट अलाहिदा.) इफच्या कंसात स्थिती === 'मंजूर' असे लिहावयाचे, तेथे स्थिती = 'मंजूर' एवढेच लिहिले गेले, तर यंत्र सहसा तक्रार करीत नाही; कारण या कुळातल्या भाषांत मूल्य नेमून देण्याच्या क्रियेलाही स्वतःचे मूल्य असते, ते येथे 'मंजूर' हे ठरते, आणि रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला सत्य मानण्याचा या भाषेचा रिवाज असल्यामुळे अट प्रत्येक वेळी खरी ठरते. पण अनर्थ इतकाच नाही. जो अर्ज नामंजूर होता, तो या ओळीवरून जाताजाता खरोखरच मंजूर होऊन बसतो, आणि पुढे कोणी दप्तर तपासले तर त्यात काहीच विसंगत आढळत नाही. मूळ नोंद ज्या ओळीने पुसली तिनेच पुढच्या तपासणीचा आधारही नाहीसा केलेला असतो. उलट, उजव्या बाजूला शून्य असेल तर अट कधीच खरी होत नाही आणि काम मुकाट्याने अडून राहते. "पण सर, चाललं होतं ना!" असे मुले म्हणतात, आणि ते खोटे नसते; चाचणीसाठी घेतलेले सगळे अर्ज आधीच मंजूर असले, तर ते चालणारच.

हा घोळ चिन्हे सारखी दिसल्यामुळे होतो, असे सर्रास म्हटले जाते. आम्हांला ते पटत नाही. खजरान्याच्याच मंदिराच्या मागल्या भिंतीवर नवस बोलताना भाविक स्वस्तिक उलटे काढतात आणि मनोरथ पुरा झाला म्हणजे येऊन सुलटे काढतात. मागणे कोणते आणि पावती कोणती, याविषयी तेथे कुणाचा घोटाळा झाल्याचे ऐकिवात नाही. कारण तेथे दोहोंची वेळ वेगळी आहे. जावास्क्रिप्टने मात्र हुकुमाला प्रश्नाच्या जागी बसण्याची परवानगी देऊन ठेवली, आणि आमच्या मते कसूर आहे ती तेथे.

या परवानगीचा आणि चिन्हाचा इतिहास लांबचा आहे. गणिती रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली समतेसाठी दोन समांतर रेघा योजिल्या, त्या याहून अधिक समान अशा दोन वस्तू असू शकत नाहीत, या विचाराने. बरोबर चारशे वर्षांनी फोर्ट्रान या भाषेने तेच चिन्ह नेमणुकीच्या कामी लाविले. अल्गोलने आणि पुढे पास्कलने := असे वेगळे चिन्ह योजून विवेक दाखविला, परंतु केन थॉम्प्सनच्या बी भाषेने आणि तिच्यामागून सी भाषेने एकेरी = पुन्हा नेमणुकीस दिले. नेमणूक तुलनेच्या सुमारे दुप्पट वेळा करावी लागते, सबब तिचे चिन्ह निम्म्या लांबीचे असणे उचित, असे त्याचे समर्थन झाले. टंकनाची ही काटकसर किती महागात पडली याचा हिशेब कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ब्रेंडन आइकने १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा हा वारसा जसाच्या तसा आला.

आइकने त्यात भर घातली ती सैल तुलनेची. दोन बाजूंच्या मूल्यांची जात निराळी असली तरी == त्यांचे आपसांत रूपांतर करून पाहते; त्यामुळे रिकामी अक्षरमाला शून्याबरोबर ठरते, अवतरणचिन्हांत घातलेले शून्यही शून्याबरोबर ठरते (ते इंग्रजी अंकातले हवे, देवनागरी शून्याला ही भाषा ओळखीत नाही), आणि तरीही त्या दोन अक्षरमाला एकमेकींबरोबर ठरत नाहीत. एकाच वस्तूशी समान असणाऱ्या वस्तू परस्परांशी समान असतात, हे युक्लिडाने गृहीत धरलेले तत्त्व येथे मोडते. ही सवलत सहकाऱ्यांच्या आग्रहावरून दिल्याचे आइकने पुढे सांगितले आहे. १९९७ च्या पहिल्या प्रमाणग्रंथात ती कायम झाली; कडक तुलनेचे === प्रमाणात आले ते डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत. एकेरी चिन्हाचा घोळ निदान ओळ वाचून शोधता येतो; == चा निर्णय शंभरांत नव्याण्णव वेळा बरोबर येतो, म्हणून आम्ही त्याला अधिक भितो. 'नल' आणि 'अनडिफाइन्ड' या दोन्ही रिक्ततांची एकदम विचारणा करावयाची असेल, तेवढ्यापुरते ते आम्ही चालवून घेतो.

उपाय आहेत. स्थिर मूल्य डावीकडे लिहावे, म्हणजे चिन्ह चुकताच यंत्र अडून बसेल, ही युक्ती जुनी आहे. आम्हांला ती वाचताना कर्कश वाटते. बदलू नये ते चल 'कॉन्स्ट' म्हणून जाहीर करणे अधिक शहाणपणाचे, आणि ईएसलिंटसारखी तपासनीस साधने अटीतील नेमणूक दाखवून देतातच. मात्र कंसाची आणखी एक जोडी घातली की हे साधन ती नेमणूक हेतुपूर्वक केलेली समजून गप्प बसते. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत कोणा अज्ञाताने जी ओळ घुसविली, तीत नेमका असाच कंस होता: वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे काय, असे विचारण्याचा आव आणून ती तो क्रमांक शून्यच करीत होती, आणि शून्य क्रमांक म्हणजे यंत्रावरील सर्वाधिकार. शून्य असत्य ठरत असल्यामुळे अट फसे, कोणतीही त्रुटी दिसत नसे, आणि जादा कंसामुळे संकलकही इशारा देत नसे. मुख्य दप्तरात त्या बदलाच्या मंजुरीची नोंद नव्हती, म्हणून तो पकडला गेला; मूळ प्रत अबाधित राहिली. मजकूर संपेपर्यंत एकेक ओळ वाचून काढणाऱ्या आवर्तनात (लूपमध्ये) असा कंस सोयीचा असतो, हे आम्ही जाणतो. तरीही आमच्याकडे आलेल्या कामात तो दिसला, तर नेमणूक वेगळ्या ओळीवर काढून मागतो आणि तोवर मंजुरी देत नाही.