आधी उंट बांधा

जळका वास पहिल्यांदा अम्मीला आला. बुधवारी संध्याकाळी निकाहच्या खरेदीसाठी आम्ही जोगेश्वरीहून निघालो होतो. अंधेरीचा उड्डाणपूलही अजून आला नव्हता. "कुणाची तरी गाडी जळतेय," ती म्हणाली. ती आमचीच होती. जीप डावीकडे ओढत होती. खाली उतरून पाहिलं, तर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. उजवं चाक मात्र जेमतेम कोमट.

ही जीप अब्बांची. महिंद्राची, जुनी, पुढे डिस्क, मागे ड्रम. अब्बा तिच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगत. 1945 साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. "पण 'एम अँड एम' तसंच राहिलं ना!" असं म्हणून ते हसायचे. अब्बा गेल्यावर जीप विकायची की ठेवायची, यावर आम्हा भावांचं एकमत होईना. मे महिन्यात गावी गेलो, ती खाऱ्या पाण्यात घातली, न धुता परत आणली आणि सबंध पावसाळा सोसायटीच्या भिंतीलगत उभी ठेवली. दोष गाडीचा नव्हताच, आमचा होता.

गुरुवारी सकाळी गल्लीतल्या चाचांकडे गेलो. त्यांचं गॅरेज म्हणजे एक शटर आणि बाहेरचा फुटपाथ. चाचांनी जीप जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवून पाहिलं. फिरेना. मग कॅलिपरवरचं एअर काढायचं निपल जरा सैल केलं. मला म्हणाले, "ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर होजपाइप आतून बंद. नाही सुटलं, तर लोखंड धरलंय." चाक सुटलं नाही.

कॅलिपर उतरवल्यावर सगळं दिसलं. ज्या दोन गाइड पिनांवर तो सरकतो, त्यांतली एक गंजून घट्ट बसली होती. पिस्टनवरचं धूळ-रबर फाटलं होतं आणि त्यातून खारं पाणी आत गेलं होतं. चाचांनी एक गोष्ट समजावली, जी इतकी वर्षं गाडी चालवून मला ठाऊक नव्हती. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे ओढायला कुठली स्प्रिंग नसते. आतलं रबरी सील दाबताना किंचित पिळलं जातं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. तेवढ्या केसभर जागेत गंज बसला, की पॅड डिस्कला घासत राहतो.

माझा धाकटा भाऊ पक्कड घेऊन पुढे झाला. चाचांनी हात धरला. पिस्टनला पक्कड लावली तर ओरखडा पडतो आणि तिथून ऑइल गळतं. त्यांनी कॅलिपर होजलाच ठेवला, समोर लाकडाचा ठोकळा धरला आणि मला ब्रेक हळूहळू दाबायला लावला. ऑइलच्याच दाबाने पिस्टन कुरकुरत बाहेर आला. पिन मात्र हट्टी. गंज सोडवायचं तेल मारून ते चहा प्यायला बसले. थोड्या वेळाने पान्याने जरा उलटी, जरा सुलटी, अशी फिरवत अर्ध्या तासात ती सोडवली. भावाने धुवायला रॉकेल आणलं, तेही परत पाठवलं. रॉकेलने ब्रेकचं रबर फुगतं.

पण पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले होते. पॉलिश पेपरने घासून चकाकलं असतं, सील टिकलं नसतं. नवा पिस्टन आणि रबर किट शनिवारी मिळणार होतं. निकाह शुक्रवारी, असरनंतर.

भाऊ म्हणाला, "चाचा, घासून बसवा. घाटात खालच्या गिअरवर उतरतो. अल्लाह मालिक आहे."

चाचांनी हात पुसले. "बेटा, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं एकाने हुजूरांना विचारलं होतं. आधी बांध, मग भरवसा ठेव, असं सांगितलं त्याला. तिर्मिझीत आहे. आणि दापोलीच्या उतारावर समोरून येणाऱ्याने तुझं काय बिघडवलंय?"

भावाने तोंड फिरवलं. त्या रात्री आम्ही बोरिवलीहून एसटीने गेलो. अम्मीच्या मांडीवर आहेराची पिशवी, मी आणि भाऊ आळीपाळीने उभे. तो खेडपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात जीप मिळाली. पिनांना सिलिकॉन ग्रीस, पॅड दोन्ही बाजूंचे नवे, ऑइल सगळं बदललेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच, असं चाचांनी बजावलं. ओलावा शिरला की ते कमी तापमानाला उकळतं, आणि उतारावर पेडल नुसतंच खाली जातं.

जीप विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही. दर रविवारी फजरनंतर भाऊ ती गोरेगावपर्यंत फिरवून आणतो, आणि गावाहून आलो की सामान उतरवण्याआधी चाकं धुतो. तुमच्याही दारात कुणाची आठवण म्हणून एखादी गाडी उभी असेल, तर एकदा तिचं चाक हाताने फिरवून पाहा.