वरच्या मजल्यावरची खुर्ची

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठच्या गावांत रात्रीला निवांतपणा उरत नाही. मध्यरात्री बैलगाड्यांच्या रांगा साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. घुंगरांचा नाद, चाकांची करकर, गाडीवानांच्या हाका आणि त्यांच्या जोडीला आता ट्रॅक्टरची धडधड, हे सारे रस्त्याकडेच्या घरांच्या भिंतींना खेटून जात असते. अशाच एका घरात पासष्ट वर्षे गाढ झोपलेले एक निवृत्त शिक्षक तीन वर्षांपूर्वी पत्नीसह पुण्यात राहावयास आले. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला. त्याने घेऊन ठेवलेली सदनिका रिकामी होती. गाव सोडताना गुरुजींना अनेक चिंता होत्या, पण झोपेची चिंता त्यांत नव्हती. पहिल्याच महिन्यात त्यांची झोप उडाली, आणि कारण इतके क्षुल्लक की कोणाला सांगतानाही त्यांना संकोच वाटे. वरच्या मजल्यावर रात्री कोणीतरी खुर्ची ओढत असे.

वर राहणारे तरुण जोडपे संगणक क्षेत्रातले. दोघांचीही कामे सातासमुद्रापलीकडच्या घड्याळावर चालणारी. त्यांचा दिवस मावळतो तोच मुळी मध्यरात्रीनंतर. अकराला जेवणाची मांडामांड, साडेअकराला मिक्सर, मग खुर्च्यांची सरकवासरकवी आणि टाचा आपटत चाललेल्या येरझाऱ्या. शनिवारी मित्रमंडळी जमत, तेव्हा ध्वनिक्षेपकाचा घुमारा दीड-दोनपर्यंत छतातून झिरपत राही. खाली गुरुजींच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली, नऊला दिवे मालवलेले आणि पहाटे साडेचारला उठून सामायिकाला बसण्याचा अनेक वर्षांचा नेम. एकाच इमारतीत, एकावर एक, दोन वेगवेगळ्या रात्री नांदत होत्या.

ज्यांना बैलगाड्यांनी कधी जाग आली नाही, त्यांना एका खुर्चीने का जागवावे? गाडीचा नाद दुरून येतो, जवळ येतो आणि निघून जातो. त्याला एक लय असते, आणि तो कशाचा आहे हे झोपेतल्या माणसालाही ठाऊक असते. खुर्चीला लय नाही. एकदा ओढली की पुन्हा केव्हा ओढली जाईल, याची वाट कान पाहू लागतात. गुरुजी सांगत, आवाज होतो तेव्हा तितका त्रास होत नाही. तो थांबतो आणि पुढचा यायचा असतो, ती मधली शांतता जीवघेणी. त्यातच आणखी एक काटा होता. गाडीवानाला रात्री जाण्यावाचून गत्यंतर नसते. वरच्या माणसाला मात्र खुर्ची उचलून ठेवणे सहज शक्य होते, आणि तो ते करीत नव्हता. अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेल्या माणसाला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहते, आणि मग आवाज थांबला तरी मनातला संताप थांबत नाही.

शरीराचे गणितही त्यांच्या विरुद्ध होते. माणसाची झोप साधारण दीड दीड तासाच्या आवर्तनांनी पुढे सरकते आणि त्यांतली सर्वांत गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पूर्वार्धात येते. नऊला निजणाऱ्याच्या बाबतीत अकरा-बाराची वेळ म्हणजे याच पूर्वार्धाची. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी असे वैद्यकशास्त्र सांगते. गुरुजींना जेमतेम चार तास मिळत, तेही तुकड्यातुकड्यांनी. त्यांच्या पत्नीला रक्तदाबाचा विकार. त्या तक्रार करीत नसत. फक्त सकाळी देवदर्शनाला जाताना जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहू लागल्या, तेव्हा गुरुजी घाबरले.

वरच्यांना आपण काय करतो आहोत याची कल्पनाच नसावी, असेही म्हणता येईल, आणि ते काही अंशी खरे आहे. बोलण्याचा आवाज हवेतून येतो; भिंत आणि बंद दार त्याला पुष्कळसे अडवतात. पण खुर्चीचा पाय, टाच, खलबत्ता किंवा चेंडू थेट फरशीवर आघात करतात आणि सिमेंटचा स्लॅब ते कंपन खालच्या घरापर्यंत पोहोचवतो. वर जी किरकोळ खरखर वाटते, ती खाली नगाऱ्यावर टिपरी पडावी तशी उमटते. मिक्सर ओट्यावर ठेवला की ओटा, भिंत, स्लॅब असा त्याचाही प्रवास होतो. जाड मातीविटांच्या भिंतींतून आणि कौलांखालून आलेल्या पिढीला हे नवे आहे.

दुखणे मात्र जुने आहे. टॉमस कार्लाइल हा एकोणिसाव्या शतकातला थोर लेखक लंडनच्या चेल्सी भागात राहत असे. शेजारचे कोंबडे आणि पियानो यांनी तो इतका गांजला की १८५३ साली त्याने घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, छतातून उजेड घेणारी एक खास खोली बांधून घेतली. पैसा गेला, मजुरांचा गोंगाट सोसावा लागला तो निराळाच, आणि खोली तयार झाल्यावर जे आवाज पूर्वी कानी येत नव्हते, तेही तेथे ऐकू येऊ लागले. शेजाऱ्यांशी बोलणी करण्याचे काम त्याची पत्नी जेन हिच्याकडेच असे. भिंतींपेक्षा तिच्या बोलण्याचा उपयोग अधिक झाला.

गुरुजींनी प्रथम कायद्याचा आधार शोधला. शिक्षकाचा स्वभाव, नियम वाचल्याखेरीज बोलायचे नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, जे २००० साली लागू झाले, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या विषयावर दिलेला निकालही त्यांनी मिळवून वाचला. ध्वनिक्षेपक त्यात स्पष्टपणे येत होता. खुर्ची कोठेच येत नव्हती. गृहसंस्थेच्या सचिवांनी ‘आपसात मिटवा’ असे सांगून हात झटकले; संस्थेच्या व्हॉट्सॲप समूहावर लिहिलेल्या विनंतीला अकरा जणांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले आणि बाराव्याने लगेच पाण्याच्या टँकरचा विषय काढला.

एका शनिवारी सव्वा वाजता गुरुजींनी ११२ क्रमांक फिरवला. पोलीस आले, संगीत बंद झाले. ती रात्र शांततेत गेली. पण दुसऱ्या दिवसापासून उद्वाहकात तो तरुण भिंतीकडे पाहून उभा राहू लागला, आणि एकदा ‘आता काय, आमच्याच घरात आम्ही चालायचंही नाही का?’ असे पत्नीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. खुर्च्या पूर्वीपेक्षा जोरात ओढल्या जात आहेत, असे गुरुजींना वाटू लागले. ते खरे होते की जागरणाचा भास, हे ठरवणे अवघड.

पुढचे पाऊल त्यांच्या पत्नीने उचलले. एका रविवारी दुपारी त्या वर गेल्या. हातात डबा नाही, तोंडात तक्रार नाही. त्या तरुणीला एवढेच म्हणाल्या, ‘पाच मिनिटं खाली येतेस का? आणि तुझ्या यजमानांना सांग, जेवणाच्या टेबलाशी नेहमीसारखं बसू-उठू दे.’ ती संकोचाने आली. शयनगृहात पलंगाच्या कडेवर बसली. वर खुर्ची सरकली. तिने छताकडे पाहिले. दुसऱ्यांदा सरकली तेव्हा म्हणाली, ‘काकू, हे आमचं आहे?’

जाता जाता तिनेही दबकत एक गोष्ट सांगितली. पहाटे साडेचारला खालच्या न्हाणीघरातील पितळी बादली फरशीवर आदळते आणि तो आवाज नळांच्या पोकळीतून वर येतो. नवरा त्या वेळी नुकताच झोपलेला असतो. गुरुजी हे ऐकून सुन्न झाले. कायद्याची रात्र सहा वाजता संपते, हे त्यांनीच तर वाचले होते! तरी दोन्ही पारडी समान धरण्याचे कारण नाही. बादली एकदा आदळते, आणि ती कोणाला चिडवण्यासाठी आदळत नाही. शनिवारचा घुमारा चार चार तास चालतो आणि तो ऐकू जातो हे पोलीस येऊन गेल्यापासून त्यांना पुरते ठाऊक होते. अज्ञानाला माफी असू शकते; माहीत झाल्यावर केलेल्या गोष्टीला तोच न्याय लावता येत नाही.

त्याच आठवड्यात खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे चिकट गोल तुकडे लागले. मिक्सरखाली जाड सतरंजीची घडी आली. खाली पितळी बादली माळ्यावर गेली आणि तिच्या जागी प्लॅस्टिकची आली, जी गुरुजींना मनापासून आवडत नाही. शनिवारचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. अकराला आवाज कमी करायचा असे ठरले आहे. कधी पाळले जाते, कधी साडेबारा होतात, आणि त्या रात्री गुरुजी फोन हातात घेतात आणि पुन्हा उशीजवळ ठेवतात. पत्नीची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अजून कमी केलेली नाही.

नमदा झिजतो. गेल्या पावसाळ्यात दोन रात्री तीच जुनी खरखर पुन्हा ऐकू आली आणि दोन्ही रात्री खाली कोणाचा डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी वर जाण्याच्या विचारात चपला घालत होते, तोच दाराची घंटा वाजली. वरची तरुणी कामावर निघालेली, खांद्याला पिशवी. ‘काका, एका खुर्चीचा तुकडा निघालाय,’ ती म्हणाली, ‘संध्याकाळी घेऊन येते. आज रात्री ती खुर्ची उचलून ठेवू.’