कायम होण्याविषयी

नोकरीसंबंधी मराठीत रूढ असलेल्या शब्दप्रयोगांतून माणसाची नोकरीकडून काय अपेक्षा होती, हे पुरेसे उघड होते. माणूस नोकरीला लागतो किंवा चिकटतो, काही काळ उमेदवारी करतो आणि अखेरीस कायम होतो. ‘उमेदवारी’ हा शब्द फारसीतील ‘उमेद’ म्हणजे आशा या शब्दावरून आला असून, पुढेमागे जागा मिळेल या आशेवर विनावेतन किंवा तुटपुंज्या वेतनावर काम शिकत राहणारा तो उमेदवार, असा त्याचा जुना अर्थ आहे. ‘कायम’ हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा मूलार्थ ‘उभा असलेला’ असा आहे. व्यवहारात मात्र कायम होणे म्हणजे एकदाचे बसायला मिळणे, असेच समजले गेले. उमेदवारी हा शिकण्याचा काळ आणि त्यानंतरचा सारा काळ शिकलेले वापरण्याचा, अशी आयुष्याची विभागणी होऊन बसली. १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाची रचनाही साधारण याच धारणेवर उभी आहे: ठरावीक मुदतीचे प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र आणि मग काम.

या विभागणीमागे एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की व्यवसायाचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून मोठे असते. सुतार, लोहार, कासार यांच्या बाबतीत ते पिढ्यान् पिढ्या खरे ठरले, त्यामुळे त्यावर शंका घेण्याचे कारण पडले नाही. विसाव्या शतकात हे गृहीतक कसे ढासळले, ते पाहण्यासाठी मराठी मुद्रणाचे उदाहरण सोयीचे आहे, कारण तेथे एकाच माणसाच्या नोकरीच्या काळात व्यवसायाचे रूप दोनदा पालटले.

शिशाच्या मिश्रधातूचे सुटे खिळे हाताने जुळवून मजकूर उभा करणाऱ्या कामगाराला जुळारी किंवा कंपोझिटर म्हणत. देवनागरीची जुळणी रोमन लिपीच्या तुलनेत फार किचकट होती, कारण स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना लागतात आणि जोडाक्षरांची संख्या मोठी असते. परिणामी जुळाऱ्यासमोरच्या खणांमध्ये शेकडो प्रकारचे खिळे असत. मुंबईकडे रूढ असलेल्या डिग्री पद्धतीत अक्षराचे अंग आणि त्यावरची मात्रा हे वेगवेगळे खिळे असल्यामुळे एकच ओळ थरांथरांनी बांधावी लागे. खिळ्यावरचे अक्षर उलटे असल्याने जुळाऱ्याला मजकूर आरशात पाहिल्यासारखा वाचावा लागे, आणि हात न पाहता योग्य खणात जाईपर्यंत काही वर्षे निघून जात. एवढ्या कष्टाने कमावलेले कसब आयुष्यभर पुरेल, असे त्या माणसाला वाटले असेल तर त्यात त्याचे काही चुकले, असे म्हणता येत नाही.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम आयआयटी कानपूर येथे झाले, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांत छापखान्यांतील खिळ्यांच्या केसी भंगारात निघू लागल्या. डीटीपी, म्हणजे टेबलावरच्या संगणकावर पानाची संपूर्ण मांडणी करण्याची पद्धत, आल्यानंतर जुळाऱ्यांपैकी बरेच जण घरी बसले. काही मात्र कळफलकासमोर बसले. या दुसऱ्या गटाचे वैशिष्ट्य असे की बोटांचे जुने कसब पूर्णपणे वाया गेले असतानाही डोळ्यांचे कसब त्यांच्याजवळ शिल्लक होते. ओळ कोठे सैल पडली आहे, शब्दांमधल्या जागांची उभी नदी पानावरून वाहते आहे काय, शीर्षकाखाली किती मोकळे सोडावे, हे ज्ञान शिशाशी बांधलेले नव्हते. ओळींमध्ये सरकवायच्या धातूच्या पट्टीचे ‘लेड’ हे नाव संगणकातही ओळींमधल्या अंतरासाठी ‘लेडिंग’ म्हणून टिकले आहे. त्या शब्दाचा अर्थ जुळाऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. निरंतर शिकणे याचा प्रचलित अर्थ नवनव्या साधनांची प्रमाणपत्रे जमवत जाणे असा झाला आहे, आणि तो दिशाभूल करणारा आहे. साधन शिकणे आणि साधन ज्या कामासाठी आहे ते काम शिकणे, या दोन गोष्टी वेगळ्या असून पहिलीचे आयुष्य अल्प आणि दुसरीचे दीर्घ असते. पण दुसरी गोष्ट पहिलीच्या वाटेनेच हाती लागते, ही यातली अडचण आहे. केवळ साधनांमागे धावणारा दर पाच वर्षांनी पुन्हा नवशिका होतो, आणि साधनांना तुच्छ लेखणारा आपल्या जाणतेपणासह बाहेर राहतो.

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील माणसे या दोन्ही टोकांपासून दूर होती. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून स्वतःच्या प्रयोगांनी दगड, शाई आणि यंत्र सिद्ध केले, १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले आणि एवढ्यावर न थांबता पुढे खिळे पाडण्याचे तंत्रही आत्मसात केले. जावजी दादाजी यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते. त्याच मिशनच्या छापखान्यात पोरवयात हलक्या कामावर लागून ते एकेक टप्पा शिकत गेले, १८६४ मध्ये त्यांनी टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि तेथील संस्कृत ग्रंथांची छपाई शुद्धतेसाठी ख्यातनाम झाली. दीड शतकानंतर रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या कार्यातही हीच वृत्ती दिसते. जाहिरातक्षेत्र, सुलेखन, आयआयटी मुंबईतील अध्यापन असा प्रवास करून ते संगणकीय अक्षरांकडे वळले, आणि विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या हातून घडला.

अशी उदाहरणे देताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांपैकी असंख्य लोकांचे काम कायमचे गेले, ते त्यांनी शिकणे थांबवले म्हणून नव्हे; भांडवल, जमीन आणि धोरण यांचे गणित त्यांच्या कसबाच्या बाहेरचे होते. त्याच गिरण्यांत बदली कामगार नावाचा एक वर्ग होता, जो रोज दारात उभा राहून कोणाची गैरहजेरी पडते याची वाट पाहत असे. उमेदवारी आयुष्यभर चालू ठेवावी, असा उपदेश करणाऱ्याने बदली कामगाराची, आणि आज वर्षावर्षाच्या करारावर राबणाऱ्या कंत्राटी माणसाची, उमेदवारीही डोळ्यांपुढे ठेवावी. शिकण्याला वेळ लागतो, फी लागते, चुकण्याची मुभा लागते, आणि पगाराची शाश्वती असलेल्यालाच ती सहसा परवडते. स्वविकासातून सुरक्षितता येते हे खरे असले, तरी थोड्या सुरक्षिततेवाचून स्वविकास होत नाही, हेही तितकेच खरे आहे. मालकवर्ग यातले पहिलेच वाक्य उचलतो, हा योगायोग नव्हे.

डीटीपीपर्यंत आलेल्या जुळाऱ्याला तेथेही बसायला मिळाले नाही. प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक रचना निराळी असल्यामुळे एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेने, हा घोळ हळूहळू मिटवला. पण त्याबरोबर जुने कळफलक आणि त्यांची पाठ झालेली गुपितेही मागे पडली. आता जुन्या फायलींमधली पुस्तके युनिकोडमध्ये आणण्याचे काम ठिकठिकाणी चालते, आणि रूपांतर करणारी आज्ञावली ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटवते, रफार एक घर पुढे टाकते. अशा मजकुराचे मुद्रित तपासायला बसलेल्या साठी उलटलेल्या माणसाला ती सरकलेली वेलांटी ओळ वाचण्याआधीच खुपते, कारण वेगळ्या खिळ्याची मात्रा तिच्या अक्षरावर नेमकी बसली की नाही, हे त्याने कधीकाळी शिशात पाहिलेले असते.