दम आणि पाय

घोडा शर्यतीसाठी तयार करणे म्हणजे त्याला रोज भरपूर पळवणे, अशी माझी वयाची पन्नाशी उलटेपर्यंत प्रामाणिक समजूत होती. भोरसारख्या गावी ज्याचा जन्म गेला त्याने घोड्याविषयी इतके अज्ञानी असावे, ही तशी लाजेचीच गोष्ट. परंतु पंतसचिवांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले, पागांचे दिवस सरले, आणि आमच्या पिढीला घोडा दिसला तो वरातीत. नाही तर दिवाळीच्या सुमारास मेंढरांमागून ओझी वाहत कोकणाकडे निघालेल्या धनगरांच्या तांड्यात.

असल्याच एका तांड्यातली करडी घोडी माझ्या मुलीच्या मनात भरली. भीमथडी जातीची, अंगाने लहान, पण खुराची टणक. मराठ्यांच्या फौजांनी याच जातीच्या तट्टांवर लांबलांबच्या मजला मारल्या. राष्ट्रीय पशुजातींच्या नोंदीत मात्र तिचे नाव अगदी अलीकडे चढले. मुलगी बारावीच्या वर्गात होती. जूनमध्ये ती शिकण्यासाठी पुण्यास जाणार; त्याआधी एकदा चाळीस किलोमीटरच्या दौडीत घोडी उतरवायची, असा तिने हट्ट धरला. हाताशी दहा महिने होते.

या दौडीची एक अट मला फार आवडली. नुसते आधी पोहोचून येथे भागत नाही. पोहोचल्यावर ठराविक मिनिटांच्या आत घोड्याची नाडी चौसष्टावर उतरावी लागते. शिवाय पशुवैद्यासमोर कठीण जमिनीवर त्याला दुडकी धावून दाखवावे लागते. पाय किंचितही लचकला की सारी दौड फुकट! स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीसच्या आसपास असते. मुलीने जबड्याखालची शीर शोधून पंधरा सेकंद ठोके मोजावयाचे नि चौपट करावयाची, हा परिपाठ सुरू केला. घरात वहीची पाने भरू लागली.

ज्यांनी घोडी दिली ते वृद्ध धनगर आजोबा अधूनमधून पाहावयास येत. पहिले दोन महिने त्यांनी तिला पळूच दिले नाही. भाटघरच्या जलाशयाकाठी नुसती चाल! मग हळूहळू दुडकी आली. मग वेल्ह्याच्या बाजूस तोरण्याच्या पायथ्याचे चढ. चढावर घोड्याचा दम वाढतो नि मागचे पुठ्ठे भरतात. उतारावर सारा भार पुढल्या पायांवर येतो, म्हणून उतरताना मुलगी पायउतार होऊन लगाम धरून चाले. एक दिवस कष्टाचा गेला की पुढला दिवस हलका. चंदी बेताची, वैरण भरपूर, आणि मीठ कधी चुकवावयाचे नाही. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो नि त्यातून शरीरातले क्षार फार वाहून जातात. मावळातल्या पावसाळ्यात चिखल झाला की टेकड्या बंद, आणि नालबंदाला बोलावणे.

तीन-चार महिन्यांतच घोडी अशी काही खुलली की विचारू नका. चढ चढून आली तरी दहा मिनिटांत नाडी खाली. मी आनंदाने म्हणालो, ‘‘आजोबा, घोडी तयार झाली!’’ म्हातारा हसला नाही.

‘‘मास्तर, दम आधी येतो, पाय मागनं येतो,’’ तो म्हणाला. ‘‘मधल्या दिसांत घोडं मरतं.’’

पुढे वाचताना कळले की शास्त्रही तेच सांगते. हृदय, रक्त नि स्नायू काही आठवड्यांत नि महिन्यांत श्रमाला सरावतात. हाडांना नि नळीमागच्या शिरांना त्याहून पुष्कळ अधिक काळ, कधी वर्षही, लागते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस असे जवळजवळ नाहीच. हाड आणि शिरा, आणि त्या शिरांना रक्ताचा पुरवठा बेताचा. म्हणजे ज्या दिवशी घोड्याला पळावेसे वाटते, त्या दिवशी त्याचे पाय त्याला अजून पेलत नसतात. दिल्लीच्या १९८२ सालच्या आशियाई स्पर्धांत रघुवीर सिंगांनी शाहजादा या घोड्यावर सुवर्णपदक मिळवले, तो क्रीडाप्रकारही असाच. रानातली दौड जिंकून भागत नाही. त्यानंतर अडथळ्यांवरून उड्या मारण्याइतका घोडा धडधाकट राहावा लागतो.

हे सारे मला ठाऊक होते. म्हणूनच पुढली गोष्ट सांगताना संकोच वाटतो.

दौडीच्या आदल्या रात्री आम्ही मुक्कामी पोहोचलो. मुलगी थकून झोपी गेली. घोडीला वैरण टाकण्यास मी गेलो नि सवयीने पुढल्या डाव्या पायावरून हात फिरवला. नळीमागे ऊब लागली. उजवा पाय चाचपला. तो गार होता. मी पुन्हा डाव्याकडे वळलो. ऊबच.

मुलीला उठवावयास हवे होते. पण दहा महिन्यांच्या त्या वह्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. जून महिना आला. ‘गाडीच्या हिसक्याने असेल, सकाळपर्यंत उतरेल,’ असे मी मनाशी म्हटले आणि बादलीभर गार पाणी आणून अर्धा तास त्या पायावर ओतीत बसलो. पाय गार झाला. मी निश्चिंतपणे झोपलो, असे मात्र म्हणवत नाही.

पहाटे घोडी दुडकी चालली, ती अगदी सरळ. वैद्याच्या नजरेतूनही ती बहुधा सुटली असती. मुलगी पाय चाचपण्यास वाकली आणि तिने विचारले, ‘‘बाबा, याच एका पायाखालची माती ओली कशी?’’

मी सगळे सांगितले. ती रागावली नाही. रागावती तर मला बरे वाटले असते. तिने खोगीर उतरवले, नाव मागे घेतले, आणि परतीच्या वाटेवर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. पुढे पशुवैद्यांनी शीर किंचित दुखावल्याचे निदान केले. त्या दिवशी चाळीस किलोमीटर धावली असती तर ती तुटलीही असती, असे ते सहज बोलून गेले. माझ्या मनात ते अजून सहज राहिलेले नाही.

लेकरांच्या बाबतीतही आपण वडीलमंडळी हेच करीत नाही काय? त्यांचा दम पाहून हरखतो, आणि पायाची ऊब हाताला लागली तरी तीवर पाणी ओततो.

मुलगी आता पुण्यास असते. घोडीला चालवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. रोज सकाळी भाटघरच्या काठाने आम्ही दोघे सावकाश जातो. घाई कुणालाच नसते. संध्याकाळी मी तिचे दोन्ही पाय चाचपतो, आधी डावा, मग उजवा, आणि जे हाताला लागेल ते, गार असो की ऊन, त्याच रात्री मुलीला कळवतो.