दोन छोट्या की एक लांब?

आदिलाबादहून समुद्र गाठायचा म्हणजे आधी नंदिग्राम एक्सप्रेसने मुंबई. एवढं गेल्यावर कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या बोटीने गोव्याच्या दोन छोट्या सफरी लागोपाठ कराव्यात, की सगळ्या घराने मिळून लक्षद्वीपची एकच लांब? मुलांना दोन हव्यात. पण दर वेळी सामान आवरा, तपासणीची रांग, सुरक्षेची कवायत. आईचे गुडघे कुरकुरणार. (कापूस वेचणीच्या दिवसांत ती घर सोडेल का, हा वेगळाच प्रश्न!) लक्षद्वीपला प्रवाळांमुळे मोठी बोट बाहेरच थांबते, बेटावर लहान होडीतून नेतात. आई उतरली नाही तरी चालेल. पैनगंगेच्या पुराहून मोठं पाणी तिने पाहिलेलं नाही. तिला अख्खा दिवस नुसता समुद्र दिसावा. माझं मत लांब सफरीलाच. खोली मात्र खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळची घ्यायची. तिथे डुलणं कमी जाणवतं.